पहिलं वळण देवळाकडे

मी खुर्ची बोलतेय. जिच्यासाठी माणसं पक्ष बदलतात ती खुर्ची नव्हे. मी साधी, प्लास्टिकची, मरून रंगाची. गोव्यात कारापूरला देवळाला लागून जो हॉल आहे, तिथे भिंतीला पाठ लावून उभी असते. कधी आलात तर लगेच ओळखाल. माझ्या उजव्या हातावर रुपयाएवढा काळा डाग आहे.

माझा जन्म साच्यातला. गरम लगदा ओतला, दाबला, गार केला, की झाले मी तयार. ना पाचवी, ना बारसं. माझ्यासारख्या बहिणींना एकीच्या मांडीवर दुसरी बसवून ट्रकात चढवलं आणि साखळी गावच्या बाबली मंडपवाल्याच्या गोडाऊनमध्ये उतरवलं. बाबलीने आमच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने आपल्या नावाचं अक्षर काढलं. दुसऱ्या मंडपवाल्याच्या खुर्च्यांत मिसळलो तर भांडताना पुरावा हवा ना!

मग काय, फिरस्तीच सुरू झाली. लग्नं, मुंजी, सत्यनारायण, जत्रेतली नाटकं. नाटकाला लोक माझ्यावर आधी रुमाल बसवतात आणि स्वतः सोडा प्यायला जातात. रुमाल बसलेल्या खुर्चीवर कोणी बसत नाही, एवढी सभ्यता आपल्या लोकांत अजून आहे. लग्नात पुरुषमाणसं मला मागच्या दोन पायांवर तोलून झुलतात. बायका माझ्या पाठीला पर्स अडकवतात आणि उठताना मलाच घेऊन उठतात. हे सगळं सोसून मी एक गोष्ट शिकले. माणूस तोंडाने काहीही बोलो, बसताना खरं बोलतो. 'छे, घाई कसली!' म्हणणारा पाहुणा माझ्या काठावर टेकलेला असतो. 'आम्ही निघतोच हां' म्हणणारी मावशी पार मागे रेलून बसलेली असते. वजन कुठे पडलं यावरून मला मनातलं कळतं.

काळा डाग पडला तो याच हॉलातल्या एका सत्यनारायणात. कोणीतरी उदबत्ती माझ्या हातावर टेकवली आणि आरतीला उभं राहिलं. डागाळलेली खुर्ची लग्नात कशी मांडायची? बाबलीने मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "हिका हॉलांतच रावूं दी. देवाच्या कामाक येतली."

देवाच्या कामाला मी फारशी आले नाही. आले ती कराटेच्या कामाला.

मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी या हॉलात निवृत्ती सर कराटे शिकवतात. सर मूळ कोल्हापूरकडचे. दिवसभर डिचोलीच्या कारखान्यात ड्युटी करून येतात आणि चहाचा घोट घ्यायच्या आत पोरांना रांगेत उभं करतात. सर माझ्या भिंतीपाशी उभे राहतात, पोरं त्यांच्याकडे, म्हणजे माझ्याकडेही, तोंड करून. हॉलात बाकी सगळी बाकडी. हातांची खुर्ची मी एकटीच. त्यामुळे माझ्यावर कोण बसणार यावरून पालकांत गोड शब्दांत बरीच लढाई चालायची.

ती लढाई विनिताने जिंकली, सगळ्यांच्या आधी येऊन.

विनिता ही सेजलची आई. सेजल तिसरीतली, पांढऱ्या पट्ट्याची. पट्टा म्हणजे कराटेच्या सदऱ्यावर कमरेला बांधतात तो. सगळे पांढऱ्यापासून सुरू करतात, परीक्षा दिली की पिवळा. विनिता एम.ए. झालेली, मुलं कशी वाढवावीत यावर आलेला प्रत्येक लेख फोनवर वाचणारी, आणि वाचून झाल्यावर आपण नेमकं उलटं वागलो असं ठरवणारी. तिच्या पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या, टॉवेल, बँडेज, आयोडेक्स, केळी आणि एक छत्री. हॉलाच्या आत छत्री कशाला हे मला आजवर कळलेलं नाही.

ती माझ्यावर पूर्ण अशी कधी बसलीच नाही. पुढच्या काठावर, टाचा उचलून. पोर पडलं तर धावता यायला हवं ना! आणि तोंडाने पुटपुटणं चालू. "पाणी प्यायली का ही? घाम किती आलाय. मी उगाच घातलं का हिला? की नाचाला घालायला हवं होतं? नाही, नाचाला घातलं असतं तर म्हटलं असतं कराटे का नाही."

पोरं काता करायची. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने घेतलेली वळणं, अडवणं आणि ठोसे. जिथून सुरू केलं तिथेच येऊन संपवायचं. सर ओरडायचे, "डावीकडं वळा! ठोसा! आता मागं फिरा!" पोरं वळली की विनिताचे पायही माझ्या पायांमध्ये वळवळायचे. मी खालून सगळं बघायची. तिचा काता बसल्या जागी पाठ झाला.

पाठ झाला खरा, पण तिच्या पद्धतीने. आमच्या गावात रस्ता सांगताना डावं-उजवं कोणी सांगत नाही. देवळाकडून वर जा, न्हंयच्या अंगाला उतर, असंच सांगतात. न्हंय म्हणजे नदी. हॉलाच्या एका बाजूच्या खिडक्यांतून देऊळ दिसतं, दुसऱ्या बाजूच्या खिडक्यांतून न्हंय. विनिता कातासुद्धा तसाच पुटपुटायची. "पयलें देवळाकडे. ठोसो. मग फिरून न्हंयकडे. ठोसो." मला ते फार सोयीचं वाटायचं. मीही खेड्यातलीच.

मग चतुर्थीच्या आधी बेल्टची परीक्षा आली.

परीक्षेला बेळगावहून मोठे सर येतात. त्या दिवशी हॉलाची मांडणीच फिरते. परीक्षकांचं टेबल समोरच्या स्टेजपाशी लावतात, कारण बॅनर टांगायला खिळे तिथेच आहेत. मग पोरंही स्टेजकडे तोंड करून उभी राहतात. परीक्षकांना त्या वेळी देवळातून कमिटीची वेताची खुर्ची आणून दिली होती. मला विनिताने स्वतः उचलून स्टेजच्या कडेला, सेजलला दिसेल असं आणून ठेवलं.

"हाजिमे!" म्हणजे सुरू करा. रांगेतली पोरं वळली. सेजलचा पाय उचलला गेला आणि तसाच राहिला. कोण जाणे का, पोरांचं असं होतं. तिने आईकडे पाहिलं. आईने लगेच हात लांब करून दाखवलं. तिकडे! तिकडे वळ!

सेजल तिकडे वळली. शेजारची सिद्धी तिच्या अंगावर आली. दोघींची डोकी आपटली. सिद्धी नाक धरून हसली आणि पुढे सुरू झाली. सेजल मात्र मधोमध उभी राहून रडली, आणि मग पट्टा सोडत सोडत थेट चपलांपर्यंत गेली.

पुढच्या मंगळवारी ती आली ती कॅरीबॅग घेऊन. आत घडी घातलेला कराटेचा ड्रेस.

"सर, हो ड्रेस परत घेतात?" तिने विचारलं.

निवृत्ती सर गुडघ्यावर बसले. "का गं बाळ? परत परीक्षा हाय की. शिमगा झाला की लगेच."

"म्हाका डावें-उजवें कळना," सेजल म्हणाली. रडली नाही. ताप आलाय म्हणावं तसं सांगितलं. "सगळ्यांक कळटा. म्हाकाच कळना."

माझ्या काठावर बसलेली विनिता अजून काठावर आली, इतकी की मी पुढे कलले. गेला आठवडाभर तिने फोनवर काय काय वाचलं असेल देव जाणे. मला एवढंच ऐकू आलं होतं, "मुलांना दिशा न समजणे, कारणे..." आणि मग, "अगो बाई." सेजलच्या डाव्या मनगटाला तिने लाल दोराही बांधला होता, डावं लक्षात राहावं म्हणून. तो दोरा सेजल आता दातांनी ओढत होती.

"सेजू, परीक्षेंत कितें आसा गो?" विनिता म्हणाली. आवाज एकदम गोड, म्हणजे घाबरलेला. "एवढ्याक कोण भियेता? हांवूंय दितलें आसलें."

"मग दी," सेजल म्हणाली.

"आं?"

"तूं पयलीं दी. मग हांव दितां. ना जाल्यार हो ड्रेस परत."

विनिताने सरांकडे पाहिलं, सर नको म्हणतील या आशेने. सर कसले नको म्हणतात! त्यांचा चेहरा दसऱ्याच्या झेंडूसारखा फुलला. "वैनी, लै भारी. माप सांगा, बेळगावला फोन करतो."

तशी विनिता माझ्यावरून उठली. पहिल्यांदाच, कोणी पडलेलं नसताना.

बेळगावहून आलेला ड्रेस ज्या मापाची ती स्वतःला समजत होती त्या मापाचा होता, तिच्या मापाचा नव्हता. बाह्या कोपराच्या वर, पायजमा पोटरीवर. "सासूबायनी विचारलां, सर्कशींत वता गो म्हणून," तिने सरांना सांगितलं. तिची जागा शेवटच्या रांगेत, चिमुरड्यांच्या मागे. कराटेत वय बघत नाहीत, पट्टा बघतात. सेजल तिच्या पुढे. पोरीच्या वेणीकडे बघत बघत आई शिकत होती.

काता तिला येतच होता. देवळाकडे, न्हंयकडे, सगळं तोंडपाठ. सर म्हणाले, "वैनी, तुमी घरी क्लास लावलाय का काय?" विनिता लाजली. मीही थोडी लाजले. शेवटी शिकवणी माझ्यावर बसूनच झाली होती.

अडलं ते आवाजावर. कात्यात दोन ठिकाणी ठोशाबरोबर ओरडायचं असतं. शब्द ठरलेला नाही, पण पोटातून यावा लागतो. विनिताचा घशातून यायचा, तोही चोरून आल्यासारखा. पहिल्या दिवशी एका चिमुरड्याने मागे वळून "मांजर खंय?" म्हणून विचारलं.

"वैनी, घरात कुणावर तरी ओरडत असालच की!"

"नाही सर, मी ओरडत नाही. मुलांवर ओरडल्याने काय होतं यावर एक लेख..."

"पोदेराक मारता न्ही हाक!" सेजल मध्येच म्हणाली.

पोदेर म्हणजे सायकलवरून पाव विकणारा. सकाळी हॉर्न वाजवत येतो आणि विनिताच्या हातात पिशवी येईपर्यंत पुढच्या वळणावर पोचलेला असतो. मग ती गाऊनवर रस्त्यावर धावते आणि अशी हाक मारते की न्हंयपलीकडचे लोकही पिशव्या घेऊन बाहेर येतात. हे सगळं सेजलने रंगवून, हातवारे करून सांगितलं. वर्ग हसून लोळला. विनिता म्हणाली, "तें वेगळें गो! थंय पाव चुकता!"

"हितं बेल्ट चुकंल," सर म्हणाले.

असा हिवाळा गेला. सेजलही येत होती. ड्रेस घालत होती, पण पट्टा आणायची नाही. "मम्मीची परीक्षा जावं दी पयलीं." दोरा मात्र मनगटावर होता, मळून काळा झालेला. ठोसा मारायच्या आधी ती दर वेळी गुपचूप त्याच्याकडे बघायची. विनिता ते मागून बघायची, आणि पाणी प्यायला माझ्यापाशी आली की पुटपुटायची, "मी नापास झाले तर संपलं. ही परत पाऊल ठेवायची नाही. आणि जन्मभर म्हणत राहील, म्हाका कळना. कुठून बोलून बसले मी! आई असून एवढं साधं जमू नये? बाकीच्या आया कशा शांत असतात. त्यांच्या पिशवीत छत्रीसुद्धा नसते."

शिगमो झाला. रस्त्यावरच्या पताका उतरायच्या होत्या अजून, आणि परीक्षेचा रविवार आला.

कमिटीच्या खुर्चीचा वेत दरम्यान फाटला होता. म्हणून या खेपेला परीक्षकांसाठी मला नेलं. स्टेजपाशी, बॅनरखाली, टेबलामागे. आणि माझ्यावर बसले बेळगावचे मोठे सर, म्हणजे संतोष सर. माणूस आडवातिडवा, पण बसले ते अलगद, जणू विचारून. मला बरं वाटलं. पण जिला मी इतके महिने मांडीवर घेतलं, तिला पास-नापास करणारा माणूस आज माझ्याच मांडीवर.

"पांढरे पट्टे! आधी लहान मुलं," निवृत्ती सर म्हणाले.

"पयलीं मम्मी," सेजल रांगेतून म्हणाली. तिच्या कमरेला पट्टा नव्हता. तो हातात गुंडाळी करून धरला होता.

विनिता पुढे आली. वाकून नमस्कार केला. एवढ्या लांबूनही तिचे ओठ हलताना मला दिसले.

"हाजिमे!"

ती देवळाकडे वळली.

संतोष सर मागे रेलले. माझ्या पाठीला ते लगेच कळलं. माणूस असा मागे रेलला की समजावं, काहीतरी खटकलं. पण मला काही खटकेना. देवळाकडे वळली, ठोसा. फिरून न्हंयकडे, ठोसा. ठरल्याप्रमाणेच चाललं होतं. पाय पक्के, हात नीट. मधल्या ठोशाला तिने ओरडायचं ते ओरडली, म्हणजे मांजर परत आलं. कोणीतरी खुदकन हसलं. विनिताचे कान लाल झाले. पण थांबली नाही. वळली, परत फिरली, शेवटचे ठोसे घेत आली, आणि दुसऱ्या ओरडण्यावर तिच्या पोटातून जे निघालं ते असं होतं:

"पोदेऽऽऽर!"

खिडकीवरची कबुतरं उडाली. देवळाच्या पायऱ्यांवर बसलेले दोघे-तिघे उठून उभे राहिले. संतोष सर माझ्यावरून वीतभर वर उडाले आणि परत बसले.

विनिता सुरुवातीच्या जागेवर येऊन थांबली, नेमकी त्याच फरशीवर. नमस्कार केला.

"निवृत्ती," संतोष सर हळूच म्हणाले, "त्या काय म्हणाल्या ओ?"

"पाववाला, सर."

"बरं." सर थोडे खोकले. "ताई, आवाज एकदम झकास. असा आवाज ब्लॅक बेल्टवाल्यांचा निघत नाही. पाय पण चांगले. पण पहिलं वळण डावीकडं असतंय की ओ. तुम्ही उजवीकडं गेलासा. सगळा काता उलटा केलासा."

"नाही सर," विनिता म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं. "मी देवळाकडे गेले."

"देऊळ कुठनं आलं यात?"

"पहिलं वळण देवळाकडे ना? मी कायम बसून..." तिने खोलीभर पाहिलं. रोजची भिंत, जिथे मी असते, ती आज तिच्या पाठीमागे होती. देवळाच्या खिडक्या, ज्या रोज पोरांच्या डाव्या हाताला असतात, त्या आज उजव्या हाताला होत्या. देऊळ हललं नव्हतं. माणसं फिरली होती.

निवृत्ती सरांनी कपाळावर हात मारला.

विनिताने आपला एक हात वर केला आणि त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, नापास झाल्याचं दुःख. पण ती हळूहळू तो हात लांब करत होती, देवळाच्या दिशेने. चतुर्थीच्या आधी केला होता तसाच. मग तो हात खाली पडला.

"सेजल," ती म्हणाली. परीक्षकांपुढे मध्येच बोलायचं नसतं, हे ती विसरली. "त्या दिसा हांवें तुका हात करून दाखयलें, खंय वळपाचें तें. याद आसा?"

सेजलने मान हलवली.

"हांवें तुका देवळाकडे धाडली. डावें न्हंयकडे आसलें, बाये. तूं बरोबर आसलें. तुजो पाय बरोबर उखल्ललो. हांवेंच तुका चुकयली."

सेजलच्या पट्ट्याची गुंडाळी या हातातून त्या हातात गेली.

"म्हणजे म्हाका डावें-उजवें कळटा?"

"तुका कळटा. तुज्या आवयक कळना."

पालकांत हशा पिकला. सिद्धीने तर नाक धरून दाखवलं, जणू ते अजून दुखत होतं. विनिताही हसली, डोळे पुसत. आणि मी जन्मात कोणाला नापास झाल्यावर असं मोकळं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. टाचा टेकलेल्या, खांदे खाली. माझ्यावर बसून ती कधी इतकी सैल झाली नव्हती.

"ताई, नियम तो नियम," संतोष सर म्हणाले. "पिवळा पट्टा आज देता येत नाही. पुढच्या परीक्षेला या."

"ओस," म्हणजे कराटेतलं 'होय सर', विनिता म्हणाली आणि रांगेच्या शेवटी जाऊन मांडी घालून बसली.

मग रांगेतून सेजल उठली. कोणी नाव घेतलं नव्हतं. तिने मनगटाचा दोरा सोडायचा प्रयत्न केला, सुटला नाही, म्हणून ओढून तोडला आणि सिद्धीच्या हातात दिला. पट्टा कमरेला बांधला. गाठ वाकडी आली. परत सोडून नीट बांधली. सगळा हॉल तिच्या गाठीसाठी थांबला होता आणि तिला त्याचं काही नव्हतं.

"हाजिमे!"

तिचा पाय उचलला गेला आणि तसाच राहिला.

पोरगी मान वळवून रांगेच्या शेवटी बघत होती, आईकडे. सवयच ती. आणि मी पाहिलं, विनिताने दोन्ही हात स्वतःच्या मांडीखाली दाबले होते आणि डोळे घट्ट मिटले होते. दात-ओठ खाऊन एखादी बाई काही करते तशी ती काहीच न करण्याचं काम करत होती. ओठसुद्धा हलू दिले नाहीत.

सेजलला तिथे काही मिळालं नाही. मग तिने पुढे पाहिलं आणि डावीकडे वळली.

पुढचं मला सविस्तर सांगता येणार नाही, कारण संतोष सर पुढे झुकले आणि माझे मागचे दोन्ही पाय जमिनीवरून उचलले गेले. अशा वेळी आम्हां खुर्च्यांना तोल सांभाळायचं काम असतं. पण लोकहो, परीक्षक मागे रेलला की काय ते तुम्हाला सांगितलंच. आणि तो काठावर आला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, की निकाल सगळ्यांच्या आधी खुर्चीला कळतो. सेजलने शेवटचा ठोसा मारला, ओरडली, आणि आपल्या फरशीवर येऊन थांबली. माझे पाय खाली आले.

विनिताने तेव्हा कुठे एक डोळा उघडला.

पिवळा पट्टा संतोष सरांनी स्वतः बांधला. सेजलने तो हाताने चाचपला, मग धावत आईकडे गेली. मिठी मारेल असं सगळ्यांना वाटलं. पण ती आईसमोर ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मी, वांक."

"कित्याक?"

"पिवळ्याक पांढऱ्यान वांकपाचें आसता. सर म्हणटात."

विनिता वाकली. "आनी मात्शें," सेजल म्हणाली. विनिता आणखी वाकली, अगदी कमरेत, आणि त्या वाकलेल्या अवस्थेतच तिने पोरीला कमरेला धरून उचललं. नियमात ते बसतं का, निवृत्ती सरांनी विचारलं नाही.

हल्ली सेजल पुढच्या रांगेत असते. विनिता अजून शेवटी, पांढरी. सर तिला कधी स्टेजकडे, कधी न्हंयकडे, कधी दाराकडे तोंड करून उभी करतात, आणि ती दर वेळी सुरू करण्याआधी आपल्या हातांकडे एकदा बघून घेते. पुटपुटणं गेलेलं नाही. परवा ऐकलं, "डावा म्हणजे घड्याळाचा हात. पण आज घड्याळ घातलंय का मी?" चतुर्थीच्या आधी ती परत परीक्षा देणार आहे. मला तिची काळजी वाटत नाही असं नाही.

मी मात्र रिकामी पडले. काही दिवस माझ्यावर पाण्याच्या बाटल्या बसत होत्या, एकदा कोणाचं दप्तर. खुर्चीला रिकामं राहणं सोसत नाही, प्लास्टिक वाकडं व्हायला लागतं. आता या महिन्यापासून एक नवे बाप येतात, गुरुदासबाब. त्यांची मुलगी एवढीशी आहे, पट्ट्याची दोन टोकं जवळजवळ जमिनीला लागतात. गुरुदासबाब अगदी काठावर बसतात. टाचा उचललेल्या. मी ओळखलंच.

माझ्यावर बसणाऱ्या आई-बापांना मला एकच सांगायचं आहे. बसा, खुशाल बसा, घाबरा, पुटपुटा, पिशवीत छत्री ठेवा. पण तिकडून पोरगं बघेल तेव्हा हात वर करू नका. तुमचं देऊळ तुमच्या जागेवरून दिसतं. त्याच्या जागेवरून काय दिसतं ते तुम्हाला ठाऊक नसतं. खूप वाटलं तर माझे हात धरा. त्यासाठीच दिलेत ते मला साच्याने.

हे त्यांना कसं कळवावं? मला तोंड नाही. काल त्यांची पोर पहिल्याच वळणावर अडली, मागे बघू लागली, आणि गुरुदासबाबांचं बोट उठायला लागलं. मी फरशीवर एक पाय जरासा सरकू दिला. बसल्या बसल्या खुर्ची हलली की माणूस दुसरं काही करत नाही. त्यांनी दोन्ही हातांनी माझे दोन्ही हात गच्च धरले.

"अरे द्येवा!" ते म्हणाले.

तोवर पोर वळलीसुद्धा.